न झालेला फाउल

आबा,

उद्या दुपारी स्नूकरची फायनल आहे आणि पंच मी आहे. पंचाला मत नसतं, असं तुम्ही सांगायचात. म्हणजे असतं, पण ते ओठाबाहेर काढायचं नसतं. आज सकाळपासून जो भेटेल तो मला एकच विचारतोय, कोण जिंकणार. हॉटेलच्या दारावरच्या रखवालदाराने विचारलं, दिवे लावणाऱ्या माणसाने विचारलं, साड्यांचा कारखाना असलेल्या प्रायोजक शेठनी तर स्वतःच्या हाताने चहाचा कप पुढे करत, जणू मी त्यांच्या घरची आहे अशा लाडात विचारलं. सगळ्यांना मी तोच कोरा चेहरा दाखवला. पण मत फार दाबून ठेवलं की ते अंगावर उठतं, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे. मेलेल्या माणसाइतका भरवशाचा श्रोता दुसरा नाही. जिवंत होतात तेव्हा तुमच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, निदान मी तसं समजत होते.

दोघांची नावं लिहीत नाही. बाहेरच्या फलकावर ती एवढी मोठी छापली आहेत की विमानातून उतरायच्या आधीच वाचता यावीत. एकाला मी लहरी म्हणते आणि दुसऱ्याला साधू. टीव्हीवाल्यांनी मात्र दोघांनाही एकच शब्द चिकटवलाय, अनप्रेडिक्टेबल. हा शब्द ते इतक्या प्रेमाने उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बेभरवशी असणं हा एखादा सद्गुण आहे. आपल्या डिंडोलीच्या वस्तीत दूधवाला असा निघाला तर आई त्याला दुसऱ्या दिवशी बदलत असे. इथे मात्र त्याच गुणासाठी चहूबाजूंनी कॅमेरे लावलेत, आणि स्टुडिओत कोट घातलेली तीन माणसं बसवलीत, ज्यांतल्या एकाला काल लाल बॉलनंतर रंगीत बॉल मारायचा असतो हे दुसऱ्याने हळूच सांगावं लागलं. हॉलही लग्नाचाच आहे, डुमसच्या रस्त्यावरचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिथे कुणाच्या तरी स्वागत समारंभाचं जेवण झालं असावं, कारण गालिचाला अजून पनीरचा वास येतो. प्रो स्नूकर म्हणतात याला.

लहरीपासून सुरुवात करते, कारण त्याला दुसरं कुणी आधी आलेलं खपत नाही. कापड मार्केटमधल्या मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा, वेसूच्या श्रीमंत वस्तीत बंगला, बंगल्याच्या वरच्या मजल्यावर थंडगार खोलीत स्वतःचं टेबल. हात देवाने दिलेला आहे, हे मलाही नाकारता येत नाही आणि त्याचाच मला राग येतो. तो टेबलावर वाकतो तेव्हा बॉल कुठे जाणार हे बॉललासुद्धा आधी कळलेलं असतं. मग मध्येच त्याचा जीव उडतो. उपांत्य सामन्यात जिंकता येण्यासारखी फ्रेम, टेबलावर ढीगभर बॉल शिल्लक, आणि या गृहस्थाने समोरच्याशी हात मिळवून तो अख्खा डाव सोडून दिला. बाहेर पत्रकारांनी विचारलं तर म्हणाला, मूड नव्हता. त्याआधीच्या सामन्यात अर्धा खेळ डाव्या हाताने खेळला, का तर उजव्याने कंटाळा आला. लोक टाळ्या वाजवतात. आपल्या गल्लीतल्या एखाद्या कारागिराने मूड नाही म्हणून कापडाचे लूम बंद ठेवले असते तर शेठने त्याला मूडसकट गेटबाहेर काढलं असतं. पण मूड हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा रोग आहे.

एक गोष्ट टीव्हीवर कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या एका सामन्यात त्याच्या बाहीचं बटण गुलाबी बॉलला लागलं. मी समोर उभी होते, बॉल हलला, मी फाउल पुकारला. तो हसून म्हणाला, "अरे मॅडम, इतना तो चलता है." प्रेक्षक हसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने त्याला खट्याळ म्हटलं. त्याने स्वतःहून सांगितलं नाही, याची कुणी चर्चासुद्धा केली नाही. स्नूकरमध्ये हीच तर मेख आहे, आबा, तुम्हाला काय सांगायचं. शर्ट लागला, बोट लागलं, बाही घासली, तर ते बहुतेक वेळा खेळणाऱ्यालाच कळतं, आणि त्याने स्वतः सरळ उभं राहून सांगायचं असतं की माझा फाउल झाला. या एका रिवाजावर हा खेळ स्वतःला सभ्य म्हणवतो. ज्याला सभ्य म्हणून जन्मच मिळालाय त्याला मात्र तो रिवाज लागू नसतो.

आणि आता साधू. तुमचा साधू. गोडादऱ्याच्या चाळीतून आलेला, दिवसा लूम आणि संध्याकाळी आपल्या स्नूकर पार्लरमधलं मागचं टेबल. आता पोट सुटलंय, केस विरळ झालेत, कपाळावर टिळा आलाय. त्याचा खेळ म्हणजे कासवाची चाल. प्रत्येक बॉलभोवती प्रदक्षिणा घालेल, खडू घासेल, पुन्हा प्रदक्षिणा घालेल. तरी सामना ओढत ओढत जिंकायच्या काठावर आणतो. आणि मग, नेमका तिथे, तो वाकलेला असताना एकदम ताठ उभा राहतो, उजवा हात वर करतो आणि म्हणतो, टच झाला. कधी झालेला असतो, पुष्कळदा नसतो. पंच फाउल पुकारतो, गुण समोरच्याला जातात, डाव हातचा जातो, आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतो. स्टुडिओतले कोटवाले गहिवरतात. एकाने काल त्याला या खेळाचा विवेक म्हटलं. न घडलेलं पाप कबूल करून पुण्य मिळवायचा एवढा सोपा धंदा मी दुसरा पाहिला नाही. मी पंच असताना तो आजवर कधी खेळला नाही, कारण पंचांच्या याद्या मी अशा लावून घेतल्या की तो माझ्या टेबलावर येऊ नये. यावेळी दोघंही फायनलला येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, त्यामुळे मी सापडले.

तेव्हा माझा अंदाज ऐका, एकदाच सांगते. दुपारच्या सत्रात लहरी सुसाट सुटेल, साधू खुर्चीत पाणी पीत बसेल, आणि कोटवाले म्हणतील की सामना संपला. चहाच्या सुट्टीत लहरीच्या भोवती त्याचे मित्र जमतील आणि तिथेच त्याचा मूड जाईल. संध्याकाळी साधू एक एक फ्रेम करत वर येईल, दिवाळीनंतर गावाहून परतणाऱ्या एसटीसारखा, थांबत थांबत पण येणार. शेवटच्या फ्रेममध्ये काळा आणि गुलाबी उरतील. लहरी सगळं फेकून द्यायच्या बेतात असेल. साधू वाकेल. मग त्याचा हात वर जाईल. लहरी जिंकेल, त्याला स्वतःला कळायच्या आत. एकाला जिंकायची पर्वा नाही, दुसऱ्याला हरण्यातच प्रतिष्ठा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्याला हे लोक फायनल म्हणतात.

हे सगळं मी काल रात्रीपर्यंत ठाम सांगितलं असतं. आज दुपारनंतर तेवढं ठाम राहिले नाही, पण ते सांगायच्या आधी मला मागे जावं लागेल.

तुम्ही तेव्हा नदीपलीकडच्या त्या क्लबात मार्कर होतात. लूमच्या पट्ट्यात डाव्या हाताची दोन बोटं गेल्यावर तिथल्या शेठने चिकटवून दिलेली नोकरी. बॉल लावायचे, गुण मांडायचे, टेबल झाडायचं, साहेब लोकांना लांबची काठी हातात द्यायची. क्लबाबाहेर मात्र तुम्ही राजे होतात. डिंडोलीच्या भाड्याच्या गाळ्यात जुनी टेबलं टाकून पार्लर काढलं होतं, आणि गोडादऱ्यापासून कडोदऱ्यापर्यंतची लूमवरची पोरं तिथे येत. त्यांतला हा एक. त्याला तुम्ही क्लबाच्या स्पर्धेत बाहेरचा खेळाडू म्हणून घुसवलंत. स्पर्धेच्या आधी एकदा सरावाला आला, तर कुणा मेंबरचा दोन तुकड्यांत उघडणारा क्यू, म्हणजे खेळायची काठी, दिसेना. सेक्रेटरीने सगळ्यांसमोर त्याची पिशवी उपडी केली. डबा, टॉवेल, कंगवा. क्यू नंतर त्या मेंबरच्याच गाडीच्या मागच्या सीटवर सापडला. सेक्रेटरी माफी मागायच्या ऐवजी बाजूच्याला गुजरातीत म्हणाला, "आ लोकोनो भरोसो नहीं." तुमच्या मदतीला आलेली मी गुणफलकाशी उभी होते. तुम्ही खाली वाकून टेबलाच्या जाळीतले बॉल काढत होतात आणि बराच वेळ वर पाहिलं नाहीत.

मग तो सामना आला. समोर क्लबाच्या अध्यक्षांचा पुतण्या. आपला मुलगा पुढे होता, चांगला पुढे. मेंबर लोक हातात सरबताचे ग्लास घेऊन भिंतीला टेकलेले, आणि त्यांच्या तोंडावर तीच पिशवी उपडी करण्याची घाई. तो निळ्या बॉलवरून हात टेकवून वाकला. मी त्याच्या कोपराजवळ होते. त्याची बाही आणि तो बॉल यांच्यामध्ये माझा अंगठा बसला असता इतकी जागा होती. तरी तो उभा राहिला, हात वर केला आणि म्हणाला, टच झाला, सर. मग टाळ्या. सेक्रेटरीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी पुढे येऊन त्याला जवळ घेतलं. सामना तो हरला, पण त्या दिवसापासून क्लबाचं दार त्याला उघडं झालं, सरावाला टेबल मिळालं, चांगल्या कंपनीचा क्यू मिळाला, पुढे बाहेरगावच्या स्पर्धा मिळाल्या. आणि तुम्ही काठी हातात धरून उभे होतात, डोळ्यांत पाणी.

मी घरी आल्यावर लगेच बोलले, मला कुठे गप्प बसता येत होतं. आई कळण्याच्या भाकरी थापत होती, तुम्ही तिच्या शेजारी बसून मिरच्यांचा ठेचा रगडत होतात आणि तिला सामन्याची गोष्ट दुसऱ्यांदा सांगत होतात. लूमवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, त्यामुळे शेजारच्या दोन घरांनाही ती कळत होती. मी म्हटलं, आबा, त्याचा फाउल झालाच नव्हता, मी जवळून पाहिलंय. तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते अजून आठवतं, राग नव्हता त्यात, दुसरंच काही होतं. म्हणालात, "जे व्हयनं नही ते देखाले तुले कोनी सांगं व्हतं? तू फक्त व्हयनं ते देखत जाय." आईने भाकरी उलटली आणि विषय संपला. तुम्ही मात्र ती गोष्ट मरेपर्यंत सांगत राहिलात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मांडवात. पार्लरच्या भिंतीवर पाटी लावलीत, येथे खेळाडू स्वतःचा फाउल स्वतः सांगतो. मी ती पाटी दर दिवाळीला पुसत असे आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत असे, आबाला एका लबाड पोराने बनवलं. माझ्या भोळ्या बापाचा फायदा घेऊन हा माणूस संत झाला, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते. त्याचा मला तिरस्कार वाटे, आणि तुमची कीव येई. कीव हा तिरस्काराचाच घरात घालायचा झगा आहे, तेव्हा मी तुम्हालाही सोडलं नव्हतं असं समजा.

आता आज दुपारचं. टेबलावर नवीन कापड चढवून, घासून, इस्त्री फिरवून ठेवलं होतं. मी बॉल पुसून जागेवर लावत होते. दिवेवाले जेवायला गेले होते. साधू आला. एवढा मोठा माणूस, पण दारात चप्पल काढून आला, आपल्या पार्लरमध्ये काढत असे तशी. मी न पाहिल्यासारखं केलं. तो टेबलाच्या पलीकडच्या कडेला उभा राहिला आणि अहिराणीत बोलायला लागला, म्हणजे बाहेर कुणी असलं तर कळू नये. म्हणाला, "ताई, उद्या मी हात वर करसू. तुमले दिसनं नही ते माले सांगा, खेळ म्हनीसन." म्हणजे स्पर्श दिसला नाही तर मी फाउल देऊ नये, त्याला खेळायला सांगावं.

मी म्हटलं, सामन्याबद्दल खेळाडूशी बोलायची मला परवानगी नाही. अगदी ठरलेल्या आवाजात म्हटलं. तो गेला नाही. हात टेबलाच्या लाकडावर ठेवला, कापडाला बोट लागू दिलं नाही, आणि म्हणाला, "आते माले समजत नही, ताई. लागना का नही लागना, काहीच समजत नही."

मला वाटलं, हा नवीन अभिनय. मी म्हटलं, पहिल्यांदा तरी समजलं होतं ना, क्लबात, अध्यक्षांच्या पुतण्यासमोर? तेव्हा तर बॉल आणि बाहीमध्ये अंगठा बसला असता. पंचाच्या तोंडून असं निघायला नको होतं, पण निघालं. त्याला वाटत होतं मला माहीत आहे. इतकी वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते ते मला माहीत होतं म्हणूनच, असं त्याने धरलं होतं. मग म्हणाला, "ते ते आबानीच सांगेल व्हतं माले."

पुढचं मी तुम्हाला कशाला सांगू, तुम्ही तिथे होतात. पण लिहिते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मला अर्धवट कळलंय. पिशवी उपडी झाली त्याच संध्याकाळी तुम्ही त्याला पार्लरच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी नेलंत. तो चिडला होता, पुन्हा क्लबात पाय ठेवणार नाही म्हणत होता. तुम्ही त्याला म्हणालात, "आपला पोऱ्या चांगला खेळना ते लोके म्हनतस चालू शे. पहिले त्यास्ले इमानदार दिसाले जोयजे, मंग खेळ." आणि मग शिकवलंत. हरत असताना फाउल सांगून उपयोग नाही, त्याची किंमत कुणाला कळणार नाही. पुढे असशील तेव्हा सांग. सगळे बघत असतील तेव्हा सांग. बॉल हलेल एवढा जवळ जाऊ नकोस, नाहीतर पंच आधी पुकारेल आणि तुझं श्रेय जाईल. बापरे, आबा. क्यू कसा धरायचा हे शिकवावं तसं तुम्ही हे शिकवलंत. त्याने ते एकदा करायचं होतं, फक्त एकदा, असं तुम्ही त्याला म्हणाला होतात. पण त्यानंतर लोक त्याच्या खेळाकडे बघेनात, त्याच्या उजव्या हाताकडे बघायला लागले. कुठल्याही गावात गेला की ओळख करून देताना तीच गोष्ट. तो म्हणाला, प्रत्येक फटक्याला मनात येतं, लागला असेल आणि मी सांगितलं नाही तर सगळे म्हणतील, बघा, शेवटी पिशवी उपडी करायला हवीच होती. म्हणून हात आपोआप वर जातो. हे सांगताना तो रडला वगैरे नाही. त्याने टिळा पुसला, घाम आला होता म्हणून, आणि दारातली चप्पल घालून निघून गेला.

मी तिथेच उभी. ज्या बापाची मी कीव करत होते तो बाप फसलेला नव्हता, तो फसवणारा होता. वा रे वा. तुमच्या डोळ्यांतलं ते पाणी आठवलं आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्या क्लबातल्या लोकांचा मला राग आहेच, तो वेगळा. इमानदार पोराला इमानदार दिसण्यासाठी खोटं बोलावं लागावं, ही त्यांचीच करणी. त्या सेक्रेटरीला काही शिक्षा झाली नाही, तो टाळ्या वाजवून मोकळा झाला आणि वर उदार ठरला. पण तुम्ही त्यांच्या हातचा डाव खेळलात. त्यांना जसा गरीब आवडतो तसा एक घडवून त्यांच्यासमोर उभा केलात, हरणारा, हात वर करणारा, साहेबांपुढे खरं बोलणारा. लहरी बॉलला बाही लावून हसतो आणि खट्याळ ठरतो, आणि आपला पोऱ्या हवेला धक्का लागला तरी माफी मागतो. जन्मभर. खेळ त्याच्या हातात होता, आबा. कासवाची चाल असली तरी त्याची स्वतःची होती. तुम्ही त्यात असं काही सोडलंत की आता त्याचं त्यालाच खरं कळत नाही. मी कसायाला एवढी नावं ठेवणार नाही, तो निदान कापतो तेव्हा कापतोय असं म्हणतो.

उद्याचं मी ठरवलंय. नियम असा आहे की निर्णय पंचाचा. पण खेळाडू स्वतः म्हणत असेल की माझा फाउल झाला, तर त्याच्याशी हुज्जत घालणारा पंच मी तरी ऐकला नाही. तो हात वर करील आणि मला स्पर्श दिसला नसेल, तर मी फाउल पुकारणार नाही. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर म्हणणार, फाउल नाही, खेळ चालू. हॉलमध्ये आधी कुजबूज होईल, मग आरडाओरडा. कोटवाले म्हणतील, एका प्रामाणिक माणसाचा अपमान झाला. कुणीतरी जुनी गोष्ट काढील, क्लबातली, आणि विचारील की मग ती पण अशीच होती का. तुमचं नाव त्यात येणार. अजूनही डिंडोलीत म्हातारे तुमचं नाव घेताना आधी ती गोष्ट सांगतात, ते नाव माझ्या एका वाक्याने धुळीला मिळणार आहे. आणि ही आयुष्यातली माझी शेवटची मोठी फायनल ठरेल, कारण असल्या पंचाला पुन्हा कोण बोलावतं. तरी म्हणणार. त्याने सांगितलं म्हणून नाही, मी त्याला काहीही कबूल केलेलं नाही. जे झालं नाही ते झालं नाही, एवढंच मला येतं, आणि तेवढ्यावरच तर तुम्ही मला या कामाला लावलंत.

इथेच थांबणार होते. पण दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

तुम्हाला आठवतं का, पार्लर उघडायच्या आधी सकाळी मी खेळत असे. तुम्ही शटर अर्धं वर करून झाडू मारायचात आणि मी मागच्या टेबलावर एकटी. पुढे पुढे लवकर येणारी पोरं थांबून बघायला लागली. मग त्यांच्या मागे रस्त्यावरची माणसंही शटरखाली वाकून बघायला लागली, की मुलगी खेळतेय. एका सकाळी तुम्ही सगळ्यांना हाकललंत, माझ्या हातातला क्यू घेतलात, रॅकला लावलात आणि म्हणालात, "तुन्हा हात नही शे, पोरी. तुन्ही नजर शे." पुढच्या आठवड्यात स्टेशनजवळच्या बँडवाल्यांच्या दुकानातून माझ्यासाठी पांढरे हातमोजे आणलेत, मनगटाला इलॅस्टिक असलेले, वाजंत्री घालतात तसले. म्हणालात, पंच हो. पंच बाईला लोक मॅडम म्हणतील. आणि म्हणतात, आबा, खरंच म्हणतात. मला ते वाक्य कधी लागलं नाही. उलट मला त्याचा अभिमान होता, की माझा बाप मला लाडात न ठेवता खरं बोलला. दुसऱ्या मुलींचे बाप खोटं कौतुक करतात, माझ्या बापाने तोंडावर सांगितलं. त्या एका खऱ्या वाक्यावर मी माझं सगळं घर बांधलं.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने त्याला इमानदार दिसायला शिकवलं, त्याने मला मॅडम दिसायला शिकवलं नसेल कशावरून? शटरखाली वाकलेली ती माणसं तुम्हाला बघवली नसतील. लोक काय म्हणतील याचा तुम्हाला फार पुढचा अंदाज असे. तेव्हा माझा हात खरंच नव्हता, की नसलेला बरा होता? तुम्ही दोन बोटं गेलेल्या हाताने माझ्या हाताचं भविष्य सांगितलंत आणि मी मान डोलावली. विचारायला जावं तर तुम्ही आता त्या गावाला नाही जिथे पत्र पोचतं, आणि पोचलं असतं तरी तुम्ही काय खरं सांगितलं असतंत. म्हणून हे घडी घालून ठेवणार नाही, कुणाला दाखवणार नाही, चुलीत घालायला आता चूलही नाही. लिहून झालं की फाडीन.

फक्त एक राहिलं. दुपारी साधू गेल्यावर हॉलमध्ये कुणी नव्हतं. पंचाने फायनलच्या टेबलावर खेळणं म्हणजे सरळ शिस्तभंग, माझ्या हाताखालच्या पंचाने केला असता तर मी त्याला घरी पाठवलं असतं. मी हातमोजे काढले, भिंतीवरचा क्यू घेतला आणि काळा बॉल पुन्हा पुन्हा त्याच्या जागेवर ठेवून मारायला लागले. पहिला चुकला, आबा. पुढचे सगळे जाळीत गेले.